इस्रायलहून आलेला हीटर

लग्न होऊन मी पेणला आले, तेव्हा सासरच्या घरात माणसांपेक्षा गणपती जास्त होते. ओटीवर, माळ्यावर, मागच्या पडवीत, जिन्याखाली, जिथे मावेल तिथे पाट आणि प्रत्येक पाटावर एक कच्ची मूर्ती. घराला लागून पत्र्याची लांब शेड होती, तो आमचा कारखाना. तो चालवायचे माझे मोठे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची. माझा नवरा मातीत रमला नाही. तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला, शिफ्टला सोपं पडावं म्हणून रोह्याला खोली घेऊन राहिला आणि सुट्टी मिळाली की एसटीनं पेणला यायचा.

लग्नानंतर मीही रोह्याला जायचं असं ठरलं होतं. पण जाऊबाई म्हणाल्या, "एवढा सीझन होऊ दे." सीझन झाला तर पुढच्या वर्षाचं काम सुरू झालं, कारण पेणला एका वर्षाचे गणपती टेम्पोत चढले की दुसऱ्या वर्षाची माती भिजत पडते. असं करत मी तिथंच राहिले. माझ्याकडे पितांबराचा पिवळा रंग आणि पायाशी बसलेले उंदीर. दिवसभर मी उंदीर रंगवायची. हात चालायचा, पण मन जाग्यावर नसायचं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी मी ब्रश खाली ठेवून दारापर्यंत जाऊन यायची. जाऊबाई म्हणायच्या, "काय गो, तुला मुंग्या चावतात काय?" त्या चांगल्या मनाच्या होत्या, पण त्यांना बसून काम करायची सवय होती आणि मला नव्हती.

त्या वर्षी आषाढात पाऊस असा लागला की थांबायलाच तयार नाही. पाऊस आम्हाला नवा नव्हता, पण शाडूला ओल चालत नाही. मूर्ती आतून सुकली नाही तर तिच्यावर सफेदा बसत नाही, आणि सफेद्याशिवाय रंग नाही. एरवी भाऊजी कोळशाच्या शेगड्या लावायचे. पण शेगडीची काजळी धरते, गणपतीचा चेहरा काळवंडला की सगळं पुन्हा घासावं लागतं. मोठे बल्ब लावून पाहिले, तर वीज दिवसातून कितीदा जायची ते कुणी मोजतही नव्हतं. भाऊजी सकाळी उठले की आधी मूर्तीच्या पाठीला हाताची उलटी बाजू लावून बघायचे. "ओलीच हाय," म्हणायचे आणि चहा न पिता पुढच्या मूर्तीकडे जायचे.

अशा वेळी शेजारच्या मावशींनी त्यांचा हीटर देऊ केला.

या मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचं घर आमच्या कुंपणाला लागून, दाराच्या चौकटीवर आत प्रार्थनेची चिठ्ठी असलेली धातूची बारीक नळी ठोकलेली, येता-जाता त्या तिला बोट लावून ओठाला लावायच्या. पेणजवळच्या गावांतली त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला निघून गेली, तशाच मावशीही तरुणपणी नवऱ्याबरोबर गेल्या होत्या. डोंगरावरच्या कुठल्याशा थंड गावात राहिल्या. तिथं मुलं झाली, वाढली. नवरा वारल्यावर मात्र त्यांचं तिथं चित्त लागेना, म्हणून म्हातारपणी भावाच्या बंद घरात परत आल्या. बोटीनं आलेल्या सामानात हा हीटर होता. कमरेएवढा लोखंडी डबा, चाकांवर चालणारा, पुढे जाळी आणि जाळीमागे तापून लाल होणाऱ्या मातीच्या पट्ट्या. आत सिलिंडर ठेवायला जागा. पेणच्या उकाड्यात कुणी हीटर घेऊन येतं हे बघून सगळी आळी हसली होती. मावशी मला एकदा म्हणाल्या, "आमचे हे शेवटचे दोन हिवाळे ह्याच्याच पुढ्यात बसून होते. तिकडं टाकून कशी येऊ?"

त्यांचं मराठी जुनं होतं. त्या गेल्या तेव्हाचं, तसंच जपून परत आणलेलं. त्यांना पेणची नवी माणसं कळायची नाहीत आणि पेणला त्या. संध्याकाळी त्या फाटकाशी यायच्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायच्या, आत जायच्या, पुन्हा बाहेर यायच्या. मला वाटायचं, ह्यांनाही माझ्यासारखंच होतं.

हीटर कारखान्यात आला आणि खरंच काम झालं. काजळी नाही, विजेची वाट बघायला नको. मावशींनी तो कसा लावायचा ते दाखवलं. बटण दाबून धरायचं, खालच्या छोट्या ज्योतीला काडी लावायची, मनात हळूहळू तीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि मग बटण सोडायचं. ज्योत टिकली की बटण फिरवून मोठी आग. "दार नि खिडकी उघडी ठेवायची," त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. "कोंडून ठेवलात तर माणूस झोपल्या जागी जातो." भाऊजी मान डोलवायचे. एका बाजूच्या मूर्ती सुकल्या की हीटर ढकलून दुसरीकडे न्यायचे. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. भाऊजी चहा प्यायला लागले.

मग एका शुक्रवारी हीटर ढकलताना त्याच्या मागची तांब्याची बारीक नळी पाटाच्या कोपऱ्यात अडकली. भाऊजींना वाटलं चाक अडलं, म्हणून त्यांनी जोर लावला. नळी दुमडली आणि चिरली. वाटीतल्या शेवयांसारखी बारीक नळी ती, त्यातून गॅसही जात नव्हता. पण त्यानंतर हीटर पेटेना. म्हणजे बटण दाबून धरलं की ज्योत लागायची, बटण सोडलं की विझायची. पुन्हा दाबलं, पुन्हा लागली, सोडलं, विझली. भाऊजींनी दहा वेळा केलं. शेवटी त्यांचा अंगठा दुखायला लागला.

मावशींना विचारायला मी गेले तेव्हा दिवस मावळला होता. त्यांच्या टेबलावर दोन दिवे लागले होते. त्यांचा शब्बाथ सुरू झाला होता, आता शनिवारचा दिवस मावळेपर्यंत त्या आगीला हात लावणार नव्हत्या, की कामाचं काही बोलणार नव्हत्या. मी दारातूनच परत फिरले.

शनिवारी सकाळी भाऊजींनी उपाय काढला. बटण दाबून त्यावर लाकडाची पाचर ठेवली आणि वरून बांधकामाची तार गुंडाळून पिळली. बटण कायमचं दाबलेलं राहिलं. ज्योत टिकली, मोठी आगही लागली.

"हे बरोबर नाय," मी म्हटलं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त ती पिळलेली तार मला बघवेना.

"मग तू सांग काय करू," भाऊजी म्हणाले. रागानं नाही, थकून. "मुंबईचे टेम्पो यायचे ते थांबणार हायत काय?"

दुपारी जेवायला सगळे घरात आले. वारा सुटला होता, पाऊस आडवा येत होता. कुणीतरी शेडचं मागचं दार लोटून घेतलं, मूर्तींवर पाणी उडू नये म्हणून. जेवण झाल्यावर जाऊबाई आधी उठून शेडमध्ये गेल्या. मी त्यांच्यामागे चहाचं भांडं घेऊन निघाले. दारात पाय ठेवला आणि नाकात तो वास भरला. कुजल्यासारखा, जड. समोर जाऊबाई हीटरपुढे वाकलेल्या. हीटर थंड होता. वाऱ्यानं तो कधीच विझला होता आणि तारेनं दाबलेल्या बटणातून गॅस येतच राहिला होता. त्यांच्या हातात काडेपेटी. सर्दीनं त्यांचं नाक चोंदलेलं, त्यांना वास आलाच नव्हता. त्यांनी काडी ओढली.

काडी पेटली नाही. पावसानं सर्दली होती. त्या दुसरी काढायला लागल्या.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. चहाचं भांडं पडलं. मी त्यांना हात धरून ओढलं, त्या पाटांवर आपटल्या, दोन मूर्ती खाली आल्या. भाऊजी धावत आले, त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मागचं दार लाथेनं उघडलं. आम्ही तिघं बाहेर पावसात उभे राहिलो. जाऊबाई मला म्हणत होत्या, "काय झालं गो? काय झालं?" त्यांना अजून कळलं नव्हतं. कळलं तेव्हा त्या तिथेच चिखलात बसल्या.

आवाज ऐकून मावशी आल्या. डोक्यावर रुमाल, पायात चप्पल नाही. त्या सरळ शेडमध्ये गेल्या, ती तार बघितली आणि बाहेर येऊन भाऊजींपुढे उभ्या राहिल्या. "ही नळी तुझी राखण करते रे," त्या म्हणाल्या. "तुटली तर आग विझते, म्हणजे ती मेल्यावरही राखणच करते. आणि तू तिच्या जागी तार बांधलीस?" भाऊजी ओट्याच्या कडेला बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी मूर्तींना हात लावला नाही.

अंधार पडल्यावर मावशींनी स्वतः पकडीनं ती तार कापली. चिरलेली नळी सोडवून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तिकडं एकदा ही बदलली होती. मिस्त्रीनं बदलली, मी बघितली. नाव तिकडच्या भाषेतलं माहीत हाय, इकडचं नाय. तुझ्या नवऱ्याच्या कंपनीत कुणाला ठाऊक असेल."

रात्रभर माझा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊजी म्हणाले, "पुढच्या सुट्टीला तो येईल तेव्हा दे त्याच्याकडे." मी म्हटलं, "मी आज जाते." इतक्या वर्षांत मी एकटी रोह्याला गेले नव्हते. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि घडीची छत्री आणून दिली.

एसटी वडखळपर्यंत कशीबशी आली. पुढे नागोठण्याजवळ पाणी रस्त्याला लागलं होतं, तिथं गाडी थांबून राहिली. मी पिशवीतली नळी काढून बघत बसले. एका टोकाला पितळेचा बारीक दांडा, दुसऱ्या टोकाला छोटा नट. एवढीशी वस्तू धड असती तर जाऊबाईंवर ती वेळ आली नसती. शेजारची बाई म्हणाली, "बाय, जरा पाय हलवायचा थांबव, सीट हलते." मी पाय थांबवला. थोड्या वेळानं तो आपोआप पुन्हा हलायला लागला. भिसे खिंड उतरून रोहा आलं तेव्हा माझ्या पोटात सकाळचा चहासुद्धा नव्हता. पुलावरून बघितलं, कुंडलिका लाल होऊन वाहत होती.

नवऱ्यानं दार उघडलं आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला. "घरी काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता उभा राहिला. मग म्हणाला, "एवढ्या पावसात तू एकटी कशाला आलीस? फोन करायचा शेजारी."

"फोनवरून नळी दाखवता येत नाय," मी म्हटलं.

त्यानं नळी घेतली, खिडकीशी नेऊन बघितली. ऑपरेटर होता, रोज असल्या वस्तू बघायचा. "थर्मोकपल हाय हे," तो म्हणाला. मग त्यानं मला समजावलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं काम काय असतं ते मला थोडंफार कळलं. या दांड्याचं टोक ज्योतीत तापलं की अगदी थोडीशी वीज तयार होते. ती नळीतून बटणापर्यंत जाते आणि तिथल्या लोहचुंबकाला धरून ठेवते. तो धरलेला असेल तोवर गॅसची वाट उघडी. ज्योत विझली, टोक गार झालं, की चुंबक सुटतो आणि वाट बंद.

"मग तुमच्या कंपनीत मिळेल की."

"आमची वेगळी. ती फक्त ताप किती ते सांगतात, चुंबक धरायचा जोर त्यांच्यात नसतो. आणि असती तरी कंपनीतली वस्तू मी उचलणार नाय." मग जरा विचार करून म्हणाला, "जुन्या गॅस गीझरला असं असायचं. ज्याच्यात सारखी बारीक ज्योत जळते तसल्या. कंपनीच्या कॉलनीतल्या बंगल्यांत होते."

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्टोव्ह, शेगड्या, गीझर दुरुस्त करणारे एक चाचा होते. रविवार असूनही दुकान उघडं होतं. दुकान म्हणजे एक फळी उघडली की आत माणूस आणि माणसाभोवती भंगार. चाचांनी नळी हातात घेऊन वास घेतल्यासारखी नाकाशी धरली. हीटर म्हणजे काय ते त्यांना मी हातवारे करून सांगितलं.

"खोली गरम करायची? पेणला?" चाचा हसले. मग मूर्तींचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. त्यांनी एक खोका उपडा केला, दुसरा केला, तिसऱ्यात हात घालून गंजलेल्या गीझरचा तळ बाहेर काढला. त्याला तशीच नळी. त्यांनी पाना लावून ती सोडवली आणि दोन्ही नट एकमेकांशेजारी धरले.

"आटे सारखे दिसतात," ते म्हणाले. "पण ही आखूड हाय, देख. आणि चालेल का नाय ते मी सांगू नाय शकत. मी तुझा हीटर बघितलेला नाय."

"तुम्ही येता का पेणला?"

"ह्या पावसात? नाय बाय. माझे गुडघे बघ." त्यांनी पँट वर करून खरंच गुडघे दाखवले. "तू बसव."

"मी?" मी नवऱ्याकडे बघितलं. त्याची दुसरी शिफ्ट होती, त्याला बसही पकडायची होती. तो म्हणाला, "सुट्टीपर्यंत थांबा. मी येऊन बसवतो."

सुट्टीला अजून किती दिवस होते. मला भाऊजी ओट्याच्या कडेला बसलेले दिसले. "मी बसवते," मी म्हटलं. "चाचा, दाखवा."

त्यांनी त्या गंजक्या तळावरच दाखवलं. मला तीन-चार वेळा करायला लावलं. "नट हातानं फिरेल तेवढा फिरव. मग पान्यानं चिमूटभर. चिमूटभर! जोर लावलास की गेलं. नळीला कोन नको देऊ, वळण दे. आणि टोक ज्योतीत पूर्ण आंघोळ करायला पाहिजे, नुसतं बाजूला बसून चालत नाय. सगळं झालं की साबणाचं पाणी लाव जोडांना. बुडबुडा आला तर काडी ओढायची नाय, कुणी काय बोलू दे." त्यांनी त्यांचा छोटा पानाही मला दिला. म्हणाले, परत आणून दे.

नवऱ्यानं मला स्टँडवर आणून सोडलं. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून मी त्याला म्हणाले, "सीझन झाला की मी इकडे येणार. या वेळेला कुणी काय म्हणो." माझा आवाज बायका बघतील एवढा मोठा झाला होता. तो इकडे-तिकडे बघून म्हणाला, "बरं, बरं. आधी ते नीट बसव."

सोमवारी सकाळी मी हीटर उघड्या पडवीत ओढून आणला. मावशी बॅटरी धरून शेजारी बसल्या. जुना नट निघालेलाच होता. नवा लावला तर आटे बसले. तेवढ्यानंच माझ्या अंगावर काटा आला. पण चाचा म्हणाले तसंच झालं, नळी आखूड. पूर्वीच्या वाटेनं नेली तर टोक ज्योतीपर्यंत पोचेना. ओढली तर कोन होत होता. मी नळी सोडली, बसवली, परत सोडली. भाऊजी दोनदा दारात येऊन बघून आत गेले. पाऊस थांबलेला होता आणि त्याचंच मला टेन्शन आलं होतं, कारण उन्हाची आशा लागली की माणसं म्हणतात राहू दे, हीटर नको.

शेवटी मावशींनी बोट ठेवलं. मागच्या पत्र्याला एक जुनं भोक होतं, कुठला तरी स्क्रू निघून गेलेला. त्यातून नळी सरळ आत येत होती. भोक लहान होतं. मी कानशीनं घासून मोठं केलं, कडा बोचू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत बसवला आणि नळी त्यातून घातली. आता पोचली. नट हातानं, मग चिमूटभर.

साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. मावशी म्हणाल्या, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. नाही.

बटण दाबलं, काडी लावली, ज्योत आली. मी तीस म्हणाले, आणि घाबरून अजून दहा. बटण सोडलं. ज्योत विझली.

मी मागे सरून भिंतीला टेकले. मला रडू यायला लागलं होतं. एवढं जाऊन, एवढं करून. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "राहू दे गो. शेगड्या हायत आपल्या." त्यांच्या मनात चांगलंच होतं, पण ते ऐकून मी पुन्हा उठले. बॅटरी घेऊन वाकून बघितलं. मावशींना म्हटलं, आता तुम्ही दाबून धरा, मी बघते. त्यांनी धरलं, ज्योत लागली. टोक ज्योतीत नव्हतंच. ज्योत वर जात होती आणि टोक तिच्या बाजूला, नुसतं धगीला बसलेलं. गॅस बंद करून, गार होईपर्यंत थांबून, मी टोक धरणारी पत्र्याची पट्टी पकडीनं आत वाकवली. थोडी जास्त वाकली, परत थोडी बाहेर.

या वेळी बटण सोडलं आणि ज्योत राहिली. मी हात तसाच हवेत धरून बसले. मावशी म्हणाल्या, "खाली ठेव हात, ती नाय जायची." तरी मी बराच वेळ उठले नाही. मग मी मुद्दाम पुठ्ठ्यानं वारा घालून ती विझवली. सगळे ओरडले. मी म्हटलं, थांबा. कान लावून बसले. काही वेळानं आतून बारीक 'टक्' असा आवाज आला. चुंबक सुटला होता. गॅस बंद.

भाऊजी पुढे आले. त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली, पुन्हा तो आवाज ऐकला. "बरं झालं," एवढंच म्हणाले, आणि शेडची दोन्ही दारं उघडून त्यांना विटा लावल्या, वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून.

त्या वर्षीचे सगळे गणपती वेळेवर गेले असं मी म्हणणार नाही. हीटरच्या फार जवळ ठेवलेल्या काही मूर्तींना पाठीवर भेगा पडल्या, त्या आम्ही ओल्या मातीनं भरल्या. काही राहिल्याच. पण बहुतेक गेल्या. शेवटचा टेम्पो गेला त्या दिवशी भाऊजींनी मावशींच्या घरी जाऊन हीटर पुसून ठेवला, आणि पुढच्या वर्षी जुन्या शेडला उंच खिडक्या पाडल्या.

विसर्जन झाल्यावर मी रोह्याला गेले. मला वाटलं होतं तिथं तरी जीव लागेल. पण खोली दहा बाय बारा, नवरा शिफ्टला, दिवसा झोपलेला. त्याच्या झोपेत मला भांडंही वाजवता येईना. चाचांचा पाना द्यायला गेले, तर त्यांनी स्टूल पुढे केलं. मी हीटरचं सगळं सांगितलं. पट्टी वाकवल्याचं ऐकून ते म्हणाले, "ते मी सांगायला विसरलो होतो." मग समोरचा शेगडीचा बर्नर माझ्यापुढे सरकवला. "नुसती बसू नको. हा पिनेनं साफ कर."

मी रोज जायला लागले. नवऱ्याला आधी आवडलं नाही. लोक काय म्हणतील, भंगारात बसलेली बायको. आमचं त्यावरून दोनदा चांगलंच भांडण झालं. पण कॉलनीतल्या बायकांचं चाचांकडे एकच गाऱ्हाणं असायचं. नवरे शिफ्टला गेलेले, घरात एकट्या, आणि बाथरूममध्ये परका माणूस गीझर खोलत बसलेला. चाचांनीच एका बाईंना सांगितलं, आमच्याकडे एक बाय हाय, तिला पाठवतो.

मावशींना त्याच हिवाळ्यात मुलगा येऊन घेऊन गेला. जायच्या आधी त्या जाऊबाईंबरोबर रोह्याला येऊन गेल्या. दुकानात स्टुलावर बसल्या, चाचांशी जुन्या पेणच्या बाजाराच्या गप्पा मारल्या. मला म्हणाल्या, "मी तिकडं जाऊन परत येईन बघ. मला कुठंच राहवत नाय." त्या परत आल्या नाहीत. पुढे त्या वारल्याचं त्यांच्या मुलाचं पत्र भाऊजींना आलं.

कॉलनीतल्या त्या पहिल्या घरी मी गेले तेव्हा गीझरचं पाणी सुरू केलं तरी आग लागत नव्हती. मी झाकण काढलं. आतला रबराचा पडदा फाटला होता, तो बदलला. तास गेला असेल. आतल्या खोलीत त्या बाईंचे मिस्टर रात्रपाळी करून झोपले होते. ते उठले आणि त्यांनी विचारलं, "बाथरूममध्ये कोण आहे?"

"गीझरवाल्या बाई आल्यात," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा."

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो जेवत होता. जेवता जेवता थांबला, हसला, मग म्हणाला, "उद्या परत जाणार आहेस का?"

"उद्या दोन घरं आहेत," मी म्हटलं, आणि त्याला वाढायला उठले.